बंबखान्यातला गोड आवाज

तुमचं घर पेटलंय. तुम्ही अनवाणी पळत बंबखान्यात आलाय, धाप लागलीय, तोंडातून शब्द फुटत नाहीय. अशा वेळी समोरच्या माणसानं तुम्हाला काय द्यावं? पाणी? धीर? आमचे आप्पा कडक भाकरी द्यायचे.

थट्टा नाही करत, खरंच द्यायचे! त्यांच्या टेबलाच्या खणात फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी कायम असायच्या, पापडासारख्या वाळलेल्या, आणि शेजारी शेंगाचटणीचा डबा. माणूस दारातून आत पडला रे पडला, की आप्पा तुकडा मोडून त्याच्या हातात कोंबायचे.

"चाव."

"आप्पा, घर... माजं घर..."

"आधी चाव की."

आणि माणूस चावायचा! करतो काय बिचारा. कटकन आवाज व्हायचा, जबडा हलायचा, आणि मग त्याच तोंडातून सगळं सरळ बाहेर पडायचं. कुठली गल्ली, काय पेटलंय, विहीर किती लांब, गाडी आत जाते का. मी नवा होतो तेव्हा मला हा निव्वळ क्रूरपणा वाटला होता, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आप्पा म्हणाले, "दात कामाला लागले की रडणं थांबतं. घरी करून बघ." मी खरंच करून बघितलं. नाही रडता येत. तुम्हीही बघा.

तर हे आमचे आप्पा. सोलापूरच्या बंबखान्यात टेलिफोनवर बसायचे. आता त्या खुर्चीवर मी बसतो. तेव्हा मी बार्शीहून नुकता आलेलो, मॅट्रिक झालेला, नगरपालिकेत चिकटलेला, आणि मला आप्पांच्या हाताखाली फोनचं काम शिकायला पाठवलेलं. गावात टेलिफोन कुणाकडं? गिरण्या, डॉक्टर, आडते, साहेबलोक. बाकीचं गाव पळत यायचं. पळत येणारा आणि फोन करणारा, दोन्ही आप्पांच्याच पुढ्यात. त्यांनी ऐकायचं, विचारायचं, आणि मग दोरी ओढून घंटा वाजवायची. घंटा वाजली की बंब सुटला. आमच्याकडं दोन बंब होते. एक मोटारीचा, तो हुसेनचाचा चालवायचे. दुसरा जुना, घोड्यांचा. पहिला कुठं पाठवायचा आणि दुसरा पाठवायचा की गावासाठी राखून ठेवायचा, हे सगळं आप्पांच्या कानावर.

हो, कानावरच! कारण आप्पांनी आयुष्यात कधी आग बघितली नव्हती.

हे मला चाचांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि माझा विश्वास बसेना. पण खरं होतं. आप्पांची खुर्ची खिडकीकडं पाठ करून. कापसाच्या गंजीला आग लागून सगळं आभाळ लाल झालेलं, आख्खा रस्ता तिकडं पळतोय, आणि आप्पा भिंतीकडं तोंड करून बसलेले. चाचा चिडवायचे, "अरे आप्पा, एक बार तो मुंडी फिराव. क्या तमाशा रहता मालूम?"

"तुमी बघा. मी ऐकतो."

"ऐसा कैसा बंबवाला रे तू? आग से शरमाता!"

"बघणाऱ्याचं डोकं फिरतं, चाचा. ऐकणाऱ्याचं जागेवर ऱ्हातं."

दिसायला म्हणाल तर उंच, खांद्यात वाकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात उन्हाळ्यातसुद्धा कोट. चेहरा कारल्यासारखा. बघूनच पोरं रडायची. आणि आवाज? आवाज म्हणजे काकवी! असल्या तोंडातून असला आवाज निघतो, हे बघितल्याशिवाय पटायचं नाही. फोनवर बोलणाऱ्याला ते तोंड दिसत नव्हतं, हे त्याचं नशीब.

त्या आवाजाला चार भाषा यायच्या. घरात कन्नड, अक्कलकोटच्या बाजूची. शाळा मराठी. वडील तेलुगू विणकरांच्या वस्तीत सुताला रंग द्यायचे, म्हणून लहानपण सगळं त्या भाषेत. आणि दखनी कुणाला शिकवावी लागते का सोलापुरात? बाजारात फिरलं की येते.

पण चार भाषा येणारे सोलापुरात पैशाला पासरी. आप्पांचं वेगळं होतं ते पुढचं. ते म्हणायचे, "आग मराठीत लागत न्हाई, लेका." म्हणजे काय, तर माणूस सुखात असला की बाजारची भाषा बोलतो, सायबापुढं सायबाची बोलतो. पण खरं भ्यालं की आईची बोलतो. फोनवरचा माणूस मराठीत बोलता बोलता मध्येच "बेंकी" म्हणाला, की आप्पांचा हात दोरीकडं गेलाच. "बेंकी" म्हणजे कन्नडमध्ये आग. आणि त्याच क्षणी आप्पाही कन्नडमध्ये शिरायचे. तेलुगू आली की तेलुगूत. इतक्या अलगद, की पलीकडच्याला कळायचंही नाही. मी बघायचो ना, पलीकडचा ओरडणारा आवाज हळूहळू खाली यायचा. घरातलंच कुणीतरी वडीलधारं भेटल्यासारखा.

मला त्यांनी तेलुगू टेबलावर थापा मारत शिकवली. "निप्पु?" थाप. "आग!" "नीळ्ळु?" थाप. "पाणी!" "उंडु?" "थांब!" "पो?" "जा!" मी खानावळीत जेवताना पाठ करायचो. शेजारचा गिरणीवाला म्हणाला, "ह्या पोराला झपाटलंय का काय की!"

खोट्या फोनांचं तर सांगायलाच हवं. गड्ड्याच्या जत्रेत, दारूकामाच्या दिवसांत, टवाळ पोरं आडत्याच्या दुकानात शिरून फोन करायची, अमुक ठिकाणी आग लागली म्हणून. आप्पा सगळं ऐकून घ्यायचे आणि गोड आवाजात विचारायचे, "जेवलास का?" पोरगं गोंधळून म्हणायचं, "हो... जेवलो की." आप्पा फोन ठेवून द्यायचे. आणि खरी आग असली तर? "जेवलास का" म्हटल्यावर पलीकडून अशी शिवी यायची, अशी शिवी यायची, की मी लाजायचो. आप्पा शिवी पुरी व्हायच्या आत घंटा ओढायचे. "शिवी देणारा खरा," म्हणायचे. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि एक नियम होता त्यांचा. सगळ्यात मोठा. फोन करणाऱ्यानं फोन ठेवायचा नाही. बंब निघाला तरी नाही. पहिला बंब फाटकात शिरेपर्यंत धरून राहायचं आणि सांगत राहायचं. वारा कुणीकडं, ज्वाळा कुठवर, शेजारी काय आहे. कारण दुसऱ्या बंबाचं आप्पांना ठरवायचं असायचं ना. एकदा तेलाच्या दुकानाला आग लागली, दुकानदारानं समोरच्या माडीवरून फोन केला आणि आप्पांनी त्याला धरून ठेवला. मध्येच वारा फिरला, त्यानं सांगितलं, आप्पांनी घोड्यांचा बंब मागच्या बोळात घातला आणि बोळातली घरं वाचली. तेव्हापासून हा नियम म्हणजे शिलालेख! "तू माजे डोळे हाईस," आप्पा फोनवर म्हणायचे. "डोळे झाकू नको."

आता अंबादासचं सांगतो.

अंबादास कापसाच्या मोठ्या गोडाऊनात काटाघरात कामाला होता, गोडाऊनचा फोनही तिथंच. गाठी काट्यावर चढवायच्या, वजनं मांडायची. विणकराचा पोरगा, बाप हातमागावर, घरात शिकलेला हाच पहिला. माझ्याच वयाचा. कापसाच्या गोडाऊनात बारीकसारीक आग कायमची. त्यामुळं त्याचे फोन यायचे. त्याच्यासारखा सांगणारा दुसरा नव्हता! "आप्पा, अंबादास. दुसरं शेड. धूर पांढरा. हौद भरलाय. मागचं फाटक उघडं." झालं. आप्पा खूश. आग विझल्यावरही फोनवर दोघं बोलत बसायचे, तेलुगूत, हळू आवाजात, हसत. ह्या दोघांनी एकमेकांना कधी बघितलं नव्हतं बरं का! मी एकदा म्हटलं, आप्पा, जाऊन भेटा की त्याला. म्हणाले, "कशाला? माजं तोंड बघून फोन करायचं सोडंल."

उन्हाळ्यातली दुपार होती. पत्रे तापलेले, रस्त्यावर कुत्रं नाही. फोन वाजला. आमच्या फोनला शिकाऊ माणसासाठी ऐकायचा एक जादा कर्णा होता, तो मी कानाला लावला.

"आप्पा, अंबादास. मोठं शेड. धूर काळा हाय ह्या बारीला. लई हाय."

"पाणी?"

"हौद भरलेला."

"फाटक?"

"म्होरल्यात गाड्या अडकल्यात. मागनं या."

घंटा. चाचा मागच्या फाटकाकडं सुटले. बघता बघता मोटार वळणावर दिसेनाशी झाली.

"अंबादास, फोन ठेवू नको. वारा कुणीकडं?"

"चाळीकडं, आप्पा."

गोडाऊनच्या भिंतीला लागून गिरणीकामगारांची चाळ होती. दुपारची वेळ, बायका, पोरं, सगळी घरातच. आप्पांनी डोळे मिटले. ऐकायला लागले की ते डोळे मिटायचे.

"चाळीकडचं छप्पर दिसतंय? त्येनं धरलंय का?"

"हितनं दिसंना. धूर आत यायलाय."

"खिडकीतनं बघ."

पावलं. खोकला. मग तो परत आला आणि बोलला, आणि ते तेलुगूत होतं. मला तेव्हा सगळं कळत नव्हतं, पण बोलणं बदलल्याचं कळलं. आवाज पोरासारखा झाला होता. आप्पाही लगेच तेलुगूत शिरले. काकवी. मी तो आवाज किती वेळा ऐकला होता, पण इतका मऊ कधी नाही. ते त्याला काहीतरी विचारत होते, तो सांगत होता, मध्ये खोकत होता. आणि एकदम आप्पांनी दोरी ओढली. छप्परानं धरलं होतं. घोड्यांचा बंब चाळीकडं निघाला.

आता झालं होतं सगळं. सांगायचं ते सांगून झालं होतं.

"आप्पा," अंबादास म्हणाला, "पोवाला?"

जाऊ का? एवढं मला कळत होतं. टेबलावर थापा मारून शिकवलेलं होतं.

आप्पा म्हणाले, "उंडु नायना, उंडु."

थांब बाळा, थांब. नियम होता ना. पहिला बंब फाटकात शिरेपर्यंत. आप्पा पुढं म्हणाले ते मी नंतर त्यांच्याकडूनच समजून घेतलं: बंबाची घंटा तुला ऐकू आली की मला सांग, आणि जा.

तो "सरे" म्हणाला. बरं म्हणाला. मग नुसता खोकला. मग खोकलाही लांबून आल्यासारखा.

आणि मग माझ्या कानातल्या कर्ण्यात घंटा वाजली. आमच्याच बंबाची घंटा! चाचा ती कशी बडवतात ते मला ठाऊक होतं. मी आनंदानं आप्पांकडं बघितलं. आप्पा फोनमध्ये म्हणाले, "आली. ऐकलीस? पो. पो, नायना."

पलीकडून काही नाही.

"अंबादास. पो."

घंटा वाजत राहिली. माणसं ओरडत होती, चाचांचा आवाज आला, पाणी पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. सगळं ऐकू येत होतं. तेवढं एक सोडून. मी कर्णा खाली ठेवला, मला ऐकवेना. आप्पांनी ठेवला नाही. टेलिफोन ऑफिसातल्या माणसानं लाइन तोडली, तरी तसेच कानाला लावून बसलेले.

चाचा संध्याकाळी आले. काळेठिक्कर. आप्पांकडं न बघता कोपऱ्यात बसले. म्हणाले, "चाल बच गई. एक को भी कुछ नहीं हुआ." मग म्हणाले, "आग उसके कमरे तक आईच नहीं, आप्पा. धुआँ. फोन के नीचे बैठा था. दरवाजा इत्ता पास." आणि त्यांनी आमच्या टेबलापासून आमच्या दारापर्यंत हात केला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा आग बघितली. म्हणजे विझलेली. मला घेऊन गेले. काटाघर जवळजवळ शाबूत होतं, भिंती तेवढ्या काळ्या. आप्पा फोनखाली जमिनीवर बसले, धोतर राखेत, आणि तिथून दाराकडं बघत राहिले. मग उठले, दाराबाहेर गेले, परत आले, परत बसले. आप्पा लहान पोरासारखे हे पुनःपुन्हा करत होते आणि मला त्यांना थांबवायचं धाडस होईना. शेवटी म्हणाले, "मी मराठीत बोललो असतो तर हा पळाला असता."

मला कळलं नाही.

"मराठीत बोलणारा म्हंजे हापिसातला माणूस. त्येचं कोण मरंस्तवर ऐकतं? मी त्येच्या आईच्या भाषेत थांब म्हटलं." राखेवर हात फिरवला. "आईच्या भाषेत सांगितलेलं माणूस मोडत न्हाई, लेका."

इकडं गावात काय चाललेलं? कौतुक! शेवटच्या श्वासापर्यंत फोन सोडला नाही, चाळ वाचवली, असा पोरगा होणे नाही. गोडाऊनच्या मालकांनी सभा ठरवली, अंबादासच्या फोटोला हार घालायचा आणि आप्पांचा नारळ-टोपी देऊन सत्कार करायचा. का, तर शेवटपर्यंत त्याला धीर देत राहिले म्हणून! नगरपालिकेच्या साहेबांचा निरोप आला. आप्पा म्हणाले, "माजं पोट बिघाडलंय." सभेच्या दिवशीही तेच. पोट काही बिघडलं नव्हतं. माझ्यादेखत भाकरी चावत होते, भिंतीकडं तोंड करून.

मी त्यांना म्हटलं, आप्पा, कुणालाच माहीत नाही. फोनवर तुम्ही होता आणि मी. मी काही बोलणार नाही. चाळ वाचली हे पण खरंच आहे की! आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी उठून घंटेची दोरी नीट करायला लागलो.

मग अंबादासची आई आली.

भरदुपारीच आली, एकटी. वाळकी बाई, बोटांना सुताचा रंग चढलेला, काखेत घडी घातलेली नवी चादर. लाल, काठाला नक्षी. अंबादासच्या बापानं मागावर विणली होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की बंबखान्यातला म्हातारा तुझ्या पोराशी शेवटपर्यंत बोलत होता, आणि आपल्या भाषेत बोलत होता, एकटा नाही मेला तो. ती हेच सांगत होती. तेलुगूत. एव्हाना मला कळायला लागलं होतं, आणि तेव्हा वाटलं, कळलं नसतं तर बरं.

आप्पा उभे राहिले. ते मराठीत म्हणाले, "बसा." तिला ते विचित्र वाटलं असावं. ती बसली नाही. चादर उलगडून त्यांच्या खांद्यावर घालायला पुढं झाली. मी मनात म्हणत होतो, घ्या आप्पा, घ्या. तिला बरं वाटेल. गप्प बसा आणि घ्या. एवढंच तर तिच्याजवळ उरलंय, की कुणीतरी आपलं होतं त्याच्यापाशी.

आप्पांनी तिचा हात वाटेतच धरला.

"पांघरू नको," ते तेलुगूत म्हणाले. "आधी ऐक."

आणि सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. धूर आत आला तेव्हा त्याला खिडकीशी पाठवलं ते, छप्पराचं, घंटा ओढली ते. "काम झालं होतं तेव्हाच," म्हणाले. "त्यानं विचारलं, जाऊ का. मी म्हटलं, थांब बाळा." नायना हा शब्द त्यांनी तिच्यापुढं उच्चारला, आणि तो उच्चारताना त्यांचा आवाज अजूनही तसाच गोड होता. त्यांना तो दुसरा कसा लावायचा तेच माहीत नव्हतं. "दार जवळ होतं. तो थांबला. मी थांब म्हटलं म्हणून."

मला वाटलं ती ओरडेल. मारेल. मी भाकरीच्या खणाकडं हातसुद्धा नेला, खरंच, दुसरं काय करायचं सुचेना.

तिनं आप्पांचं तोंड नीट बघितलं. मग म्हणाली, "बापाचं त्यानं कधी ऐकलं नाही. माझंही नाही." आणि मग, "तुझं ऐकलं."

तिनं चादर परत घेतली. टोकाला टोक जुळवून घडी घातली, काठ सरळ केला, काखेत मारली आणि उन्हात निघून गेली.

आप्पांनी खुर्ची ओढली. मग बसले. म्हणाले, "नेली ते बरं केलं."

त्यानंतर आप्पा बदलले. म्हणजे कारल्याचं तोंड होतंच, आता आवाजही कारल्याचा झाला. फोन उचलला की मराठी. कन्नडवाला असो, तेलुगूवाला असो, चाचांच्या मोहल्ल्यातला असो. खरबरीत, हवालदारी मराठी. आणि पहिला प्रश्न पाणी नाही, फाटक नाही. "तू कुटं उभा हाईस? आत? आधी भाईर हो! फोन टाक! दुसरीकडनं कर!" आणि धाडकन ठेवायचे. शिलालेख पुसला गेला. दुसरा बंब मग अंदाजानं जायचा, कधी उगाच जायचा, साहेब बोलायचे. आप्पा ऐकून घ्यायचे.

गावात बोभाटा झाला. पूर्वी किती गोड बोलायचा हा माणूस, म्हातारपणी माजलाय! मलाही राहवेना. म्हटलं, "आप्पा, बाहेर पड हे त्यांच्या भाषेत सांगितलं तरी पडतीलच की लोक. उलट लवकर पडतील."

"पडतील. आन् मग इचारतील, आता काय करू? सामान काढू का? दागिने आणू का? गोड माणसाला इचारत बसतात, लेका." फोनच्या पितळेवर बोट आपटलं. "कडू माणसाचा फोन आपटून पळतात."

शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. ते निवृत्त व्हायच्या थोडं आधीचं. एका आडत्याच्या घरून फोन आला. खाली दुकान, वर बिऱ्हाड. त्याची बायको होती फोनवर, कन्नडमध्ये किंचाळत. बेंकी, बेंकी. म्हणजे आप्पांचीच भाषा! त्यांच्या आईची. मी जादा कर्णा लावलेला. मी बघत होतो, आप्पांच्या ओठांवर ते कन्नड शब्द अगदी तयार होते.

"भाईर हो!" आप्पा मराठीत गरजले. "पोरं घे आन् खाली उतर! फोन टाक!"

ती कन्नडमध्ये काहीतरी विनवायला लागली. देवघराचं काहीतरी होतं.

"टाक म्हणतो न्हवं? बहिरी हाईस का?"

तिकडं फोन आपटल्याचा आवाज आला. आप्पांनी घंटा ओढली.

दुसऱ्या दिवशी ती बाई बंबखान्यात आली. केसांत अजून राख, कडेवर पोरगं, दुसरं पदराला धरून. स्वयंपाकघर गेलं होतं, देवघर गेलं होतं. जिना मागाहून कोसळला होता. आल्या आल्या तिनं आप्पांचं कपाळ बघितलं, गळ्यातलं लिंग बघितलं, आणि तिचा तोलच सुटला. आमच्यातला असून? आमच्या बोलीचा असून? मी मरत होते आणि हा मला बहिरी म्हणतो? "निन्न बायाग मण्ण बीळ्ळी!" तुझ्या तोंडात माती पडो! चाचा मध्ये पडायला उठले. आप्पांनी त्यांना हातानं खाली बसवलं.

मग स्टूल ओढून तिच्यापुढं सरकवलं. कडेवरच्या पोरानं भोकाड पसरलं होतं. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा दिला.

"जित्ती हाईस न्हवं?" आप्पा म्हणाले. "मग दे शिव्या. बस. दमानं दे."

ती बसली आणि तिनं दिल्या. आप्पांनी मान जराशी कलती केली, फोनवर करायचे तशी, डोळे मिटले, आणि शेवटची शिवी संपेपर्यंत तिच्याकडचा कान हलवला नाही.